चित्राखालची पाटी

एखाद्या संग्रहालयाच्या दालनात घटकाभर बाकावर बसून भिंतीवरील चित्रांऐवजी ती पाहावयास आलेल्या माणसांकडे पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात आल्यावाचून राहत नाही. बहुसंख्य प्रेक्षक प्रथम चित्राकडे ओझरता कटाक्ष टाकतात, लगेच वाकून खालची पाटी वाचतात, आणि नंतर पुन्हा मान वर करतात ती निराळ्याच नजरेने. पाटीवर परिचित नाव असले की पावले थबकतात, आवाज खाली येतो, मुद्रेवर आदर पसरतो. नाव अपरिचित असले की पावले पुढे सरकतात. गायनाच्या मैफलीतही असेच. गवई आलापीला आरंभ करतो न करतो तोच मागच्या रांगेतील एखादे गृहस्थ शेजाऱ्याच्या कानाशी लागून 'राग कोणता हो?' म्हणून विचारतात. उत्तर मिळेपर्यंत त्यांचा जीव थाऱ्यावर नसतो. आणि ते मिळाले की इतके निश्चिंत होतात, की पुढचे गाणे ऐकण्याची त्यांना फारशी गरज उरत नाही.

स्वतःस जाणकार म्हणविणारी मंडळी या पाटी वाचणाऱ्यांना हसतात. कलाकृतीला कोऱ्या मनाने सामोरे जावे, नावगाव विचारीत बसू नये, असा त्यांचा उपदेश असतो. तो दिसावयास मोठा उदात्त आहे. पण कितपत खरा आहे? पहिल्या कटाक्षाच्या वेळी आणि दुसऱ्या कटाक्षाच्या वेळी चित्र तर तेच असते, रंगाचा एक ठिपकाही इकडचा तिकडे झालेला नसतो. मग बदलते ते काय? आणि जे बदलते त्याला रसास्वादाचा भाग मानावयाचे, की रसास्वादातील भेसळ? हा प्रश्न केवळ सौंदर्यशास्त्राच्या प्राध्यापकांपुरता नाही. सहलीच्या निमित्ताने मुलांना अजिंठ्याला किंवा एखाद्या वस्तुसंग्रहालयात घेऊन जाणाऱ्या शिक्षकापुढे तो अगदी रोकडा उभा असतो. मुलांना काही सांगावयाचे की नाही, आणि सांगावयाचे तर चित्र पाहण्यापूर्वी की नंतर?

अजिंठ्याची 'मरणोन्मुख राजकन्या'

अजिंठ्याचेच उदाहरण घेऊ. तेथील सोळाव्या क्रमांकाचे लेणे वाकाटक नृपती हरिषेण याचा अमात्य वराहदेव याने खोदविले, हे त्या लेण्यातील शिलालेखावरून ज्ञात आहे. म्हणजे काळ पाचव्या शतकाच्या उत्तरार्धाचा. या लेण्याच्या भिंतीवर एक विख्यात चित्र आहे. आसनावर एक उच्चकुलीन स्त्री बसली आहे. बसली आहे म्हणण्यापेक्षा कलंडली आहे. मान झुकलेली, डोळे अर्धवट मिटलेले, गात्रे शिथिल. एका सखीने तिला मागून सावरून धरले आहे, दुसरी वारा घालीत आहे, भोवतालच्या मुद्रांवर चिंता दाटली आहे.

मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे पुढे नामांकित झालेले चित्रकार त्या विद्यार्थ्यांत होते. वरील चित्राने ग्रिफिथ्स भारावून गेले. कारुण्याच्या बाबतीत आणि आपली कथा निःसंदिग्धपणे सांगण्याच्या बाबतीत कलेच्या इतिहासात या चित्रावर मात करील असे दुसरे चित्र नाही, अशा आशयाचा अभिप्राय त्यांनी लिहून ठेवला. त्यांच्या मते ही कथा होती एका राजकन्येच्या अखेरच्या घटकेची. 'मरणोन्मुख राजकन्या' हे नाव त्या चित्राला तेव्हापासून जे चिकटले ते वाटाड्यांच्या तोंडून आणि मार्गदर्शक पुस्तकांतून अद्यापि गेलेले नाही.

गंमत अशी, की ती राजकन्या मरत नाही. बौद्ध वाङ्मयाच्या अभ्यासकांनी पुढे हा प्रसंग ओळखला. ही सुंदरी, बुद्धाचा सावत्र भाऊ नंद याची पत्नी. अश्वघोषाच्या 'सौंदरनंद' काव्याने ही कथा अजरामर केली आहे. नवपरिणीत जोडपे प्रासादात शृंगारात मग्न आहे. सुंदरी मुखावर विशेषक, म्हणजे उटीची नक्षी, रेखीत आहे आणि नंद तिच्यापुढे आरसा धरून उभा आहे. अशा वेळी तथागत भिक्षेसाठी दाराशी येतात, कोणाचे लक्ष जात नाही आणि ते रिक्तहस्ते परततात. हे कळताच नंद खजील होऊन त्यांना वंदन करावयास निघतो. सुंदरी त्याला जाऊ देते ती एका अटीवर: मुखावरची ही नक्षी वाळण्यापूर्वी परत यावयाचे. तो परत येत नाही. बुद्ध त्याच्या हाती भिक्षापात्र देतात, विहारात नेतात, आणि मनातून तयार नसतानाही त्याचे मुंडन होते. अजिंठ्याच्या चित्रकाराने यापुढचा क्षण टिपला आहे. आसनापासून थोड्या अंतरावर एक सेवक उभा आहे आणि त्याच्या हातात मुकुट आहे. तो नंदाचा. धनी परत आला नाही, मुकुट तेवढा परत आला. तो पाहताच सुंदरीची शुद्ध हरपली.

ग्रिफिथ्स यांनी जी कथा निःसंदिग्ध म्हणून वाखाणली ती मुळातच दुसरी होती. पण त्यामुळे ग्रिफिथ्स हास्यास्पद ठरतात असे मुळीच नव्हे. उलट, कथेचा गंध नसताना त्या झुकलेल्या मानेतील दुःख त्यांच्यापर्यंत पोहोचले, हा चित्रकाराचा केवढा मोठा विजय आहे! अडाणी डोळ्याची ताकद आणि अडाणी डोळ्याची मर्यादा या एकाच उदाहरणात एकत्र पाहावयास मिळतात. डोळ्याने भाव अचूक हेरला. त्या भावाचे कारण मात्र त्याला सापडले नाही.

आता कारण कळल्यावर काय घडते ते पाहा. इतका वेळ जो सेवक चित्राच्या गर्दीतील एक साधा नोकर होता तोच अकस्मात साऱ्या चित्राची किल्ली होऊन बसतो. दृष्टी त्याच्या हातातील मुकुटावरून सुंदरीच्या ढळलेल्या मस्तकाकडे जाते आणि पुन्हा मुकुटाकडे येते. अंतरावर उभ्या असलेल्या दोन आकृतींमध्ये एक ताण निर्माण होतो, जो चित्रात पहिल्यापासून होताच, पण आपल्याला दिसत नव्हता. एवढेच नव्हे, तर चित्राचा रससुद्धा बदलतो. भरतमुनींनी करुण आणि विप्रलंभ यांच्यातील भेद सांगताना करुणाला निरपेक्ष आणि विप्रलंभाला सापेक्ष म्हटले आहे. एकात पुनर्मीलनाची आशा संपलेली असते, दुसऱ्यात ती जागी असते. मरणाऱ्या राजकन्येभोवतीचा शोक हा सरळ करुण. सुंदरीचे दुःख याहून गुंतागुंतीचे, कारण पती जिवंत आहे, हाकेच्या अंतरावर आहे, आणि तरीही तो आता परतावयाचा नाही. त्याला करुण म्हणावे की विप्रलंभ, याचा निर्णय करताना जुन्या आलंकारिकांचीही पंचाईत व्हावी.

यात आणखी एका साध्या माहितीची भर घालावी: सोळावे लेणे हा विहार आहे. येथे भिक्षू राहत होते. पलीकडच्या कोठड्यांत निजणाऱ्या त्या भिक्षूंपैकी काहीजण तरी कोणाचे ना कोणाचे पती असतील. घर सोडून आलेल्या पुरुषाच्या निवासात, त्याच्या रोजच्या येण्याजाण्याच्या वाटेवर, घरी मागे राहिलेल्या स्त्रीचे दुःख इतक्या मायेने रंगविण्यात धर्मोपदेश किती आणि कलावंताची मानवी कणव किती, हे ज्याने त्याने ठरवावे. पण हा प्रश्न सुचण्यासाठीसुद्धा विहार म्हणजे काय आणि नंद कोण हे ठाऊक असावे लागते. नुसत्या डोळ्याला तो सुचणार नाही.

कोऱ्या मनाचे मिथ्य

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. हे सारे वाङ्मय झाले, चित्रकला नव्हे. चित्राचे सौंदर्य रेषा, रंग आणि आकार यांच्या परस्परसंबंधांत असते, कथा ही त्यावर चढविलेली झूल होय. इंग्लंडात क्लाइव्ह बेल यांनी १९१४ साली हाच विचार हिरिरीने मांडला. कलाकृतीचा आस्वाद घेण्यासाठी जीवनातील काहीही बरोबर आणण्याची गरज नाही, असे त्यांचे म्हणणे. आपल्याकडे मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांवर सौंदर्याची उभारणी केली. 'सौंदर्य आणि साहित्य' या १९५५ च्या ग्रंथातील त्यांचे विवेचन सूक्ष्म आहे. पण त्याचा सोपा सारांश काढणाऱ्यांनी कथा, काळ, कर्ता यांतील काहीही विचारणे हे अरसिकतेचे लक्षण ठरवून टाकले. फडके-खांडेकर वादाच्या दिवसांत 'कलेसाठी कला' या घोषणेचे जे झाले तेच याही विचाराचे झाले. असो.

कोऱ्या मनाची ही कल्पना पडताळून पाहण्याचा एक प्रयोग शिक्षक वाचकांच्या परिचयाचा असेल. आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांना १३ कविता कवींची नावे झाकून वाचावयास दिल्या आणि अभिप्राय लिहून मागितले. त्यांचा वृत्तांत 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' या नावाने १९२९ साली प्रसिद्ध झाला. नावे झाकल्यामुळे निर्भेळ रसग्रहण हाती यावयास हवे होते. हाती आला तो सावळा गोंधळ. डन आणि हॉपकिन्स यांच्यासारख्या कवींना चांगल्या चांगल्या विद्यार्थ्यांनी नाकारले आणि आज ज्यांची नावेही कोणी घेत नाही अशा पद्यांवर स्तुतिसुमने उधळली. पाटी काढून घेतली म्हणून मने कोरी झाली नाहीत. ठराविक प्रतिक्रिया, खाजगी आठवणी, कवितेविषयीचे सांकेतिक ग्रह यांनी पाटीची जागा तत्काळ भरून काढली. ही शिकलेली, वाचणारी मुले होती, हे विसरू नये.

आपल्या साहित्यशास्त्राला कोऱ्या मनाचा मोह कधीच पडला नाही. अभिनवगुप्ताने सहृदयाचे जे लक्षण केले आहे त्यात मनाला आरशाची उपमा आहे. परंतु हा आरसा जन्मतः लखलखीत असतो असे तो म्हणत नाही. काव्याच्या अनुशीलनाने, अभ्यासाने तो घासूनपुसून निर्मळ झालेला असावा लागतो. म्हणजे रसिकता ही मिळवावयाची वस्तू आहे, आणि मिळविण्यात ज्ञान आलेच.

ब्रेडियस यांना जे दिसले

इथवर वाचून पाटीचा विजय झाला असे कोणी समजेल तर घाई होईल. पाटी डोळे उघडते तशी घट्ट बांधूनही टाकते, आणि तिने ज्यांचे डोळे बांधले त्यांत अडाण्यांपेक्षा पंडितांचा भरणा अधिक आहे. विसाव्या शतकातील याचा सर्वांत गाजलेला दाखला हॉलंडमधला.

सतराव्या शतकात डेल्फ्ट गावी योहानेस व्हर्मीर नावाचा चित्रकार होऊन गेला. १६७५ साली तो वारल्यावर जग त्याला जवळजवळ विसरले आणि १८६० नंतरच्या काळात एका फ्रेंच समीक्षकाने त्याला पुन्हा उजेडात आणले. त्याची म्हणून मान्य असलेली चित्रे जेमतेम ३५ च्या आसपास. खिडकीतून येणारा शांत प्रकाश, पत्र वाचणारी किंवा दूध ओतणारी स्त्री, घरगुती निवांतपणा हे त्याचे विश्व. मात्र आरंभीच्या काळात त्याने एक मोठे धार्मिक चित्र काढले होते, आणि ते व्हर्मीरचेच हे ओळखण्याचे श्रेय आब्राहाम ब्रेडियस या डच पंडिताकडे जाते. एका धार्मिक चित्रानंतर तो एकदम घरगुती विषयांकडे कसा वळला? मधली चित्रे कोठे तरी असली पाहिजेत, आणि त्यांवर इटलीच्या काराव्हाज्जोची छाप असली पाहिजे, असा तर्क अभ्यासकांत चालू होता.

हान व्हान मीगेरेन या चित्रकाराने हा तर्क नेमका हेरला. समीक्षकांनी उपेक्षिल्याचा सल त्याच्या मनात होताच. त्याने सतराव्या शतकातील एक खरे जुने चित्र मिळविले आणि त्यावरील रंग खरवडून काढले. निळ्यासाठी जुन्या पद्धतीने राजवर्त वापरला. तैलरंग पूर्ण कठीण व्हावयास अनेक दशके लागतात, ही अडचण त्याने रंगात बेकेलाइटची राळ मिसळून आणि चित्र भट्टीत भाजून दूर केली. नंतर कापड गुंडाळून त्याने पृष्ठभागावर भेगा पाडल्या आणि त्यांत शाई भरली, म्हणजे शतकांची धूळ बसल्याचा भास व्हावा. विषय घेतला तोही अगदी तर्काला साजेसा: एमाउस गावी शिष्यांसह भोजनास बसलेला ख्रिस्त, काराव्हाज्जोने हाताळलेला.

१९३७ साली हे चित्र ब्रेडियस यांच्यापुढे ठेवण्यात आले. त्यांचे वय तेव्हा ८२ होते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लंडनच्या 'बर्लिंग्टन मॅगझिन'मध्ये लेख लिहून त्यांनी ही व्हर्मीरची सर्वश्रेष्ठ कृती असल्याची ग्वाही दिली. रॉटरडॅमच्या बॉयमन्स संग्रहालयासाठी पाच लाखांहून अधिक गिल्डर मोजून ते विकत घेण्यात आले, आणि १९३८ च्या प्रदर्शनात त्यापुढे लोक हात जोडल्यासारखे उभे राहिले. युद्धकाळात याच हाताचा दुसरा 'व्हर्मीर' हेरमान गोरिंगच्या संग्रहात गेला. १९४५ साली तो सापडला तेव्हा राष्ट्राचा ठेवा शत्रूला विकल्याच्या आरोपावरून व्हान मीगेरेनला अटक झाली. देशद्रोहाच्या शिक्षेपेक्षा लबाडीची शिक्षा परवडली, असा हिशेब करून त्याने कबुली दिली. आणि ती कोणाला खरी वाटेना म्हणून पहाऱ्यात बसून आणखी एक 'व्हर्मीर' काढून दाखविला. रासायनिक तपासणीत बेकेलाइट निघाले. १९४७ च्या नोव्हेंबरात त्याला एक वर्षाची शिक्षा झाली आणि ती भोगण्यापूर्वीच ३० डिसेंबर रोजी तो मरण पावला.

आज त्या चित्राचे छायाचित्र कोणाही विद्यार्थ्याला दाखवावे. जड पापण्या, मेणासारखे ओढलेले चेहरे, १९३० च्या दशकातील चित्रपट-तारकांची आठवण करून देणाऱ्या मुद्रा पाहून तो विचारतो, हे व्हर्मीरचे कोणाला वाटलेच कसे? ब्रेडियस मूर्ख नव्हते. सारे आयुष्य त्यांनी डच चित्रांत घालविले होते. पण चित्र त्यांच्यापुढे येण्याआधीच त्याची पाटी त्यांच्या मनात लिहून तयार होती. व्हान मीगेरेनने त्या पाटीच्या वर टांगावयास एक चित्र बनविले, इतकेच. आणि त्या मुद्रांतील १९३० चे वळण १९३७ च्या माणसांना दिसले नाही याचेही कारण उघड आहे. आपल्याच घराचा वास आपल्याला येत नाही.

अमेरिकन तत्त्वज्ञ नेल्सन गुडमन यांनी १९६८ साली या प्रकरणावर फार मार्मिक विवेचन केले. खरे व खोटे चित्र आज मला वेगवेगळे दिसत नसले, तरी एक खोटे आहे ही माहिती मिळताच मी त्यांच्याकडे वेगळ्या रीतीने पाहू लागतो आणि उद्या मला भेद दिसू लागण्याची ती सुरुवात असते, असे त्यांच्या प्रतिपादनाचे तात्पर्य. व्हान मीगेरेनचे ढंग आता सहज ओळखू येतात ते याचमुळे: 'व्हर्मीर'च्या ढिगातून त्याची चित्रे वेगळी काढून एकत्र ठेवली गेली, तेव्हा त्यांचे एकमेकांशी असलेले साम्य डोळ्यांत भरले. ज्या पाटीने आंधळे केले तिच्याच बदलाने दृष्टी आली.

याउलट नुकसान झाले ते बर्लिनच्या 'सुवर्ण शिरस्त्राण घातलेला पुरुष' या चित्राचे. १८९७ साली घेतलेले हे चित्र रेम्ब्रांटचे म्हणून जर्मनीत घरोघर लटकत असे. १९८५ साली तज्ज्ञांनी जाहीर केले की ते रेम्ब्रांटचे नव्हे. आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी त्या शिरस्त्राणाची झळाळी तीच होती, छायेत बुडालेला तो थकलेला चेहराही तोच होता. येथे कोणी कोणाला फसविले नव्हते. एका अनामिक चित्रकाराने प्रामाणिकपणे एक उत्तम चित्र काढले होते. तरीही त्याचे वैभव गेले. ही सरळसरळ अन्यायाची गोष्ट आहे, आणि बर्लिनमध्ये कोणी त्या चित्रापुढे पूर्वीइतकाच वेळ उभा राहत असेल तर खरा रसिक तो.

नावाप्रमाणेच चरित्राचीही पाटी असते. जॉन बर्जर यांनी १९७२ साली बीबीसीवरील आपल्या मालिकेत व्हान गॉगचे 'कावळ्यांसह गव्हाचे शेत' हे चित्र प्रथम नुसते दाखविले आणि मग, आत्मघातापूर्वीचे हे त्याचे शेवटचे चित्र, असे सांगून पुन्हा दाखविले. क्षणार्धात कावळे मृत्यूचे दूत होतात, शेतातील वाट कोठेच जात नाही असे वाटू लागते. बर्जर यांना शब्दांचा प्रताप दाखवावयाचा होता आणि तो त्यांनी दाखविला. अधिक बोलकी गोष्ट अशी, की हे सांगणेच खरे नव्हे. चित्र १८९० च्या जुलैतील आहे, पण त्यानंतरही व्हान गॉगने चित्रे काढली. आज अभ्यासक त्याचे शेवटचे चित्र म्हणून 'झाडांची मुळे' या कॅनव्हासकडे बोट दाखवितात. 'लस्ट फॉर लाइफ' या १९५६ च्या चित्रपटाने मात्र कावळे आणि पिस्तूल यांची गाठ लोकांच्या मनात कायमची बांधून टाकली. त्या दिवसांत भावाला लिहिलेल्या पत्रात व्हान गॉगने अशा शेतांच्या चित्रांविषयी दुःख आणि एकाकीपणा यांचा उल्लेख केला आहे खरा. पण त्याच पत्रात, खेड्यातील मोकळ्या हवेत त्याला जे निरोगी व बळ देणारे वाटले तेही या चित्रांतून सांगावयाचे आहे, असेही तो लिहितो. पत्राचा पहिला अर्धा सर्वांना पाठ, दुसऱ्या अर्ध्याची कोणाला दाद नाही. तो दुसरा अर्धा वाचून चित्राकडे परत गेले, की पिकलेल्या गव्हाचा तो जळजळीत पिवळा रंग प्रथमच नीट दिसतो.

दिवट्या आणि झापडे

तेव्हा माहिती हवी की नको हा वादच चुकीच्या जागी घातला जातो. माहितीत दोन जाती आहेत. एक दिवटीची: ती चित्राच्या अमुक कोपऱ्यावर धरता येते आणि तेथे पूर्वी न दिसलेले काही दिसते. सेवकाच्या हातातील मुकुट ही अशी माहिती. दुसरी झापडाची: थोर चित्रकार, अमोल ठेवा, इतके लक्ष गिल्डर, शेवटचे चित्र. ती चित्रात कोठेच बोट ठेवीत नाही. पाहण्याआधीच कौल देऊन मोकळी होते. पहिली प्रेक्षकाला कामाला लावते, दुसरी त्याला कामातून सोडविते, म्हणूनच ती अधिक लोकप्रिय.

अर्थात् दिवटीचेही झापड होऊ शकते, हे अजिंठ्यानेच दाखविले आहे. पहिल्या लेण्यात परदेशी पेहरावातील माणसे राजापुढे नजराणे घेऊन आलेली आहेत. १८७९ साली जेम्स फर्ग्युसन यांनी हा इराणच्या दुसऱ्या खुश्रूचा चालुक्य पुलकेशीकडे आलेला वकील असे अनुमान केले. पुलकेशी सातव्या शतकातला, म्हणून चित्रही सातव्या शतकातले. आणि हे गृहीत धरून पुढे कित्येक दशके अजिंठ्याचा कालक्रम मांडला गेला. वॉल्टर स्पिंक यांच्यासारख्या संशोधकांनी पहिले लेणे हरिषेणाच्याच काळातले, म्हणजे पाचव्या शतकातले ठरविले आहे; आणि ज्याला दरबार म्हटले ते महासुदर्शन या पौराणिक राजाच्या बौद्ध कथेतील दृश्य, असे मत आता पुढे आले आहे. फर्ग्युसन यांना भिंतीवर टोप्या आणि दाढ्या दिसल्या त्या खऱ्याच होत्या. परंतु इतिहासाच्या पुस्तकातून नेलेली गोष्ट त्यांना इतकी चपखल वाटली, की शेजारच्या भिंतींवर साऱ्या बौद्ध कथाच असताना हीच भिंत तेवढी राजकारणाची कशी, हा साधा प्रश्न मागे पडला.

आपल्या शाळांतून चित्रकलेचा तास असतो, एलिमेंटरी व इंटरमिजिएटच्या परीक्षा असतात, त्यांसाठी मुले मडकी, फळे आणि संकल्पचित्रे निष्ठेने गिरवितात. दुसऱ्याने काढलेले चित्र पाहावयास मात्र त्यांना क्वचितच शिकविले जाते. परिणामी सहलीला गेलेल्या वर्गाच्या वाट्याला केवळ झापडी माहिती येते: लेणी किती, शोध कोणत्या वर्षी लागला, जगात नाव केवढे. मुले ती वहीत उतरवून घेतात, मंद उजेडात भिंतीकडे एकवार पाहतात, आणि मागच्या तुकडीचा रेटा आला की बाहेर पडतात.

सोळाव्या लेण्यात याहून निराळे करावयास फारसे काही लागत नाही. नाव, शतक, राजवंश बसमध्ये परतताना सांगता येतील. चित्रापुढे गेल्यावर मुलांना दोन मिनिटे काहीच सांगू नये. ती बाई झोपली आहे, आजारी आहे, रुसली आहे, जे काय त्यांना वाटेल ते त्यांना बोलू द्यावे. ग्रिफिथ्स यांना दिसले तेवढे त्यांपैकी कोणाला तरी दिसेल. मग एवढेच विचारावे, की पलीकडे जो माणूस उभा आहे तो हातात काय घेऊन आला आहे? रंग पुसट आहेत, ओळखावयास वेळ लागेल. कोणी थाळी म्हणेल, कोणी पेटी म्हणेल. मुकुट हा शब्द मुलांतूनच कोणाच्या तरी तोंडून येईपर्यंत थांबावे, आणि मग आरशापासून सुरुवात करून त्या ओल्या नक्षीची गोष्ट सांगावी.